९०० मेगाहर्ट्झच्या खासगी एलटीई जाळ्यासाठी राउटर निवडताना काय तपासावे?

ग्रामवीज (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका ग्रामीण वीज सहकारी संस्थेत संपर्कयंत्रणा विभागात काम करतो. आमच्या वीजवाहिन्यांवरील रिक्लोजर (बिघाड झाल्यावर वाहिनी तोडून पुन्हा जोडणारे स्विच), कपॅसिटर बँका, व्होल्टेज रेग्युलेटर आणि काही लहान उपकेंद्रे आज सार्वजनिक मोबाइल कंपन्यांच्या सिमकार्डांवरून स्काडाशी, म्हणजे दूरवरून देखरेख आणि नियंत्रण करणाऱ्या प्रणालीशी, जोडलेली आहेत. २०२२ मध्ये देशातील मोठ्या कंपन्यांनी आपली थ्रीजी सेवा बंद केली आणि उत्तम चालणारे राउटर आम्हाला खांबांवरून उतरवावे लागले. आमचा रिक्लोजर वीस वर्षे टिकतो, परंतु त्याचा संपर्क दुसऱ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो, ही गोष्ट तेव्हा संचालक मंडळालाही पटली. त्यामुळे ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील परवाना भाडेकराराने घेऊन स्वतःचे एलटीई (४जी) जाळे उभारण्याचा निर्णय आता जवळजवळ झाला आहे.

मनोरे आणि कोअर (जाळ्याचा मध्यवर्ती भाग) यांचा आराखडा सल्लागार करत आहेत. क्षेत्रातील उपकरणांची, म्हणजे राउटर, मोडेम, अँटेना आणि सिमकार्डांची निवड माझ्याकडे आली आहे. विक्रेत्यांची माहितीपत्रके वाचली, तर प्रत्येकाचे उपकरण ‘औद्योगिक’, ‘उणे ४० अंशांपर्यंत चालणारे’ आणि ‘५जी-सज्ज’ असते, त्यामुळे त्यातून भेद करता येत नाही. कॅटेगरी ४चा (कॅटेगरी म्हणजे एलटीई मोडेमची क्षमताश्रेणी) राउटर घ्यावा की कॅटेगरी १ पुरेल? खासगी जाळे पडल्यास सार्वजनिक जाळ्यावर जाण्यासाठी दोन सिमांचा एक मोडेम चालेल की दोन स्वतंत्र मोडेम हवेत? उपकेंद्र आणि खांब या दोन्ही ठिकाणी एकच मॉडेल वापरणे शहाणपणाचे ठरेल का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

रेडिओयोजक

आपण विचारलेल्या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागेल, आणि तो बँडचा, म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्याचा आहे. एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) मे २०२० मध्ये या पट्ट्यात ब्रॉडबँडला परवानगी दिली, तेव्हा अपलिंकसाठी (उपकरणाकडून मनोऱ्याकडे) ८९७.५ ते ९००.५ आणि डाउनलिंकसाठी (मनोऱ्याकडून उपकरणाकडे) ९३६.५ ते ९३९.५ मेगाहर्ट्झ असे तीन-तीन मेगाहर्ट्झचे दोन तुकडे ठरवले. हे तुकडे थ्रीजीपीपीच्या (मोबाइल तंत्रज्ञानाची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या) बँड ८ मध्ये बसतात, म्हणून अनेक विक्रेते “आमच्या मोडेममध्ये बँड ८ आहे, त्यामुळे आमचे उपकरण चालेल” असे सांगतात. तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. जगभरातील बँड ८ मध्ये अपलिंक आणि डाउनलिंक यांच्यात ४५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, तर अमेरिकेच्या या तुकड्यांत ते ३९ मेगाहर्ट्झ आहे. मनोरा आपल्या अपलिंकची वारंवारता प्रसारित माहितीतून वेगळी कळवू शकतो, परंतु ती वाचून पाळण्याची क्षमता राउटरमधील मोबाइल मॉड्यूलच्या फर्मवेअरमध्ये असावी लागते, आणि युरोप किंवा आशियासाठी तयार झालेल्या मॉड्यूलवर हा प्रसंग कुणी तपासलेलाच नसण्याची शक्यता असते. पुढे थ्रीजीपीपीने ३९ मेगाहर्ट्झचे अंतर असलेला बँड १०६ स्वतंत्रपणे नोंदवला. नवीन खरेदीत त्याचा आधार आहे का, हे विचारावे. नसल्यास बँड ८ वरच ३९ मेगाहर्ट्झच्या अंतराने चाचणी झाल्याचा लेखी पुरावा मागावा.

याशिवाय एफसीसीच्या नियमावलीतील भाग २७ खाली, नेमक्या याच तुकड्यांसाठी त्या उपकरणाचे प्रमाणपत्र असले पाहिजे. हार्डवेअर सक्षम असणे आणि ते येथे कायदेशीररीत्या प्रक्षेपण करू शकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निविदेत “बँड ८ आवश्यक” एवढेच लिहिले, तर नको असलेला माल नियमानुसार पात्र ठरेल आणि आपल्याला तो नाकारता येणार नाही.

आता कॅटेगरीविषयी. आपली रेडिओ वाहिनी तीन मेगाहर्ट्झची आहे, म्हणजे तिच्यात केवळ १५ रिसोर्स ब्लॉक (वारंवारतेचे वाटपयोग्य लहान तुकडे) आहेत. दोन अँटेनांसह आणि अत्युत्तम संकेत असतानाही संपूर्ण सेक्टरची (मनोऱ्याच्या एका दिशेच्या क्षेत्राची) डाउनलिंक सैद्धान्तिक कमाल सेकंदाला सुमारे २२ मेगाबिट भरते, अपलिंक त्याहून पुष्कळ कमी असते, आणि ही क्षमता सेक्टरमधील सर्व उपकरणांत वाटली जाते. अशा वाहिनीवर कॅटेगरी ४च्या १५० मेगाबिटच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, आणि रिक्लोजरला कॅटेगरी १चे डाउनलिंक १० व अपलिंक ५ मेगाबिटही जास्तच आहेत. तरीही मी कॅटेगरी १ बिस घेण्याचा सल्ला देणार नाही, कारण त्यात ग्रहणासाठी एकच अँटेना असते. दरीत किंवा झाडांच्या आड असलेल्या खांबावर दुसऱ्या अँटेनेमुळे मिळणारे दोन-तीन डेसिबल मला वेगाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचे वाटतात.

आणि ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते ते अपलिंक. मनोरा प्रत्येक अँटेनेतून ४० वॅट, म्हणजे ४६ डीबीएम, देऊ शकतो, आणि आपला राउटर २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट. त्यामुळे खांबाखाली उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला डाउनलिंकचा संकेत समाधानकारक दिसतो, तो “ठीक आहे” अशी नोंद करून निघून जातो, आणि राउटर मात्र रात्रंदिवस कमाल शक्तीवर ओरडत राहतो. वीजसंस्थेची बहुतेक माहिती खालून वर जाणारी असते, म्हणून ही त्रुटी आपल्याला इतर कुणापेक्षाही जास्त भोवते. राउटर स्वतःची प्रक्षेपणशक्ती दाखवतो का, आणि ती एसएनएमपीने (जाळ्यातील उपकरणांवर दूरवरून देखरेख करण्याच्या प्रोटोकॉलने) मध्यवर्ती कक्षात वाचता येते का, हा प्रश्न मी प्रत्येक विक्रेत्याला विचारतो. ज्याला हे दाखवता येत नाही, त्याचे उपकरण बसवल्यानंतर आपण आंधळे होतो.

उपकेंद्रनिवासी

रेडिओच्या बाबतीत वर उत्तम लिहिले आहे. मी पेटीच्या आत काय घडते त्याविषयी लिहितो.

उपकेंद्र आणि खांब यांसाठी एकच मॉडेल असावे ही इच्छा मला समजते, कारण सुटे भाग आणि प्रशिक्षण सोपे होते. परंतु अमेरिकेतील उपकेंद्रात सहसा १२५ व्होल्ट डीसी बॅटरी असते, आणि समतोल चार्जिंगच्या वेळी तिचे व्होल्टेज १४० च्या आसपास जाते. बहुतेक राउटर ९ ते ३६ व्होल्टांवर चालतात. मग मध्ये विलग करणारा कन्व्हर्टर बसवावा लागतो, आणि तो कन्व्हर्टरही आयईईई १६१३ (उपकेंद्रातील संपर्क-उपकरणांचे मानक) नुसार तपासलेला नसेल, तर महागड्या राउटरच्या प्रमाणपत्राचा काहीच उपयोग राहत नाही. सर्जची लाट वीजपुरवठ्याच्या वाटेने आत येते आणि साखळीतील सर्वांत दुबळी कडी शोधते. आयईईई १६१३ मागताना वर्गही लिहावा. वर्ग १ मध्ये चाचणीच्या वेळी संपर्कात चूक किंवा विलंब झाला तरी चालतो, वर्ग २ मध्ये तो चालत नाही. रिक्लोजरच्या पेटीसाठी मी वर्ग १ मान्य करीन, परंतु ब्रेकर उघडताना जिथे संपर्क टिकलाच पाहिजे, त्या उपकेंद्रात मान्य करणार नाही.

खांबावर विजेचा हिशेब वेगळा आहे. तिथला राउटर रिक्लोजर नियंत्रकाच्या बॅटरीवर जगतो. पाच वॅटचा राउटर २४ तासांत १२० वॅट-तास खातो, म्हणजे १२ व्होल्टांवर १० अँपिअर-तास. वीजवाहिनी बंद पडल्यावर आपल्याला संपर्काची खरी गरज लागते, आणि नेमक्या त्याच वेळी राउटर त्या बॅटरीतून रिक्लोजर पुन्हा जोडण्याची ताकद खात असतो. म्हणून माहितीपत्रकातील ‘निष्क्रिय’ अवस्थेचा आकडा बाजूला ठेवून कमाल प्रक्षेपणाच्या वेळचा वापर मोजावा. अपलिंक कमकुवत असेल तर राउटर त्याच अवस्थेत राहणार आहे. पुरवठ्याचे व्होल्टेज हळूहळू खाली आणून आणि पुन्हा वर नेऊनही पाहावे. काही उपकरणे अशा वेळी अर्धवट सुरू होऊन अडकतात आणि कुणी जाऊन वायर काढेपर्यंत परत येत नाहीत. हिवाळ्यात बर्फात चाळीस मैल गाडी नेऊन एक वायर काढून लावणे हा खर्च कोणत्याही तुलनातक्त्यात दिसत नाही.

अँटेनेच्या केबलकडे दुर्लक्ष करू नये. ९०० मेगाहर्ट्झला एलएमआर ४०० केबलमध्ये मीटरमागे साधारण ०.१३ डेसिबल जातात, बारीक एलएमआर २०० मध्ये ०.३३ च्या आसपास. खांबाच्या टोकाला अँटेना आणि तळाशी पेटी असेल, तर दहा मीटरांत दोन डेसिबलांचा फरक पडतो. वरच्या प्रतिसादात ज्या दोन-तीन डेसिबलांसाठी दुसरी अँटेना मागितली, ते सर्व बारीक केबलमध्ये जिरून जाऊ शकतात.

राईनकाठ

मी जर्मनीत वितरण कंपन्यांसाठी याच प्रकारचे काम करतो, म्हणून इकडचा अनुभव जोडतो. येथे मार्च २०२१ मध्ये नियामकाने ४५० मेगाहर्ट्झचा पट्टा ४५०कनेक्ट या कंपनीला २०४० च्या अखेरपर्यंत दिला, आणि तो प्रामुख्याने वीज, वायू, पाणी अशा पायाभूत सेवांसाठी राखलेला आहे. वारंवारता कमी असल्याने पल्ला मोठा मिळतो. मोकळ्या जागेचा साधा हिशेब केला, तरी ३.६ गिगाहर्ट्झच्या तुलनेत ४५० मेगाहर्ट्झवर १८ डेसिबल आणि ९०० मेगाहर्ट्झवर १२ डेसिबल कमी नुकसान होते. आमचे मीटर बहुधा तळघरात असतात, त्यामुळे हा फरक निर्णायक ठरतो.

त्याची किंमत हार्डवेअरमध्ये मोजावी लागते. आमचा बँड ७२ देणारी मॉड्यूल मोजकेच उत्पादक बनवतात, कारण मोबाइल फोनांच्या बाजारात त्याला मागणी नाही. आपल्या बँड १०६ चीही स्थिती तशीच राहील असे मला वाटते. त्यामुळे राउटरच्या उत्पादकाइतकीच आतल्या मॉड्यूलच्या आणि चिपसेटच्या उत्पादकाची चौकशी करावी. एकाच मॉड्यूलवर चार वेगवेगळ्या नावांचे राउटर उभे असतात. कागदावर चार पुरवठादार दिसतात, प्रत्यक्षात एकच असतो, आणि त्याने ते मॉड्यूल थांबवले की चारही संपतात.

मॉड्यूल कुठल्या देशातील कंपनीचे आहे, हा प्रश्नही आता टाळता येत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या चिनी लष्करी कंपन्यांच्या यादीत क्वेक्टेल या मोठ्या मॉड्यूल उत्पादकाचे नाव घातले. ती यादी म्हणजे सहकारी संस्थेवर सरसकट बंदी नव्हे, आणि कंपनीने तो आरोप नाकारला आहे. तरीही पंधरा वर्षांसाठी खरेदी करताना पुढे निर्बंध वाढू शकतात हे गृहीत धरूनच चालावे. मॉड्यूल काढून दुसरे बसवता येईल अशी रचना असलेला राउटर मी यासाठीच पसंत करतो. तो महाग पडतो, परंतु खांबावरची पेटी, वायरिंग, सुरक्षेची सेटिंग्ज आणि तंत्रज्ञांची सवय तशीच राहते.

‘५जी-सज्ज’ या शब्दाविषयीही एक सांगतो. ५जीच्या मूळ मानकात सर्वांत अरुंद वाहिनी पाच मेगाहर्ट्झची आहे. तीन मेगाहर्ट्झची सोय थ्रीजीपीपी मानकाच्या रिलीज १८ या आवृत्तीत आली. रेडकॅपचे (५जीच्या साध्या, कमी क्षमतेच्या उपकरणप्रकाराचे) नाव सध्या खूप ऐकू येते, परंतु आजच्या रिलीज १७ च्या रेडकॅप मोडेमला तीन मेगाहर्ट्झची वाहिनी वापरता येत नाही. त्यामुळे आपल्या पट्ट्यावर आजचा ५जी राउटर एलटीई राउटर म्हणूनच चालेल. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

ग्रामवीज

आपणा तिघांचेही मनापासून आभार. बँड ८ आणि ३९ मेगाहर्ट्झचा मुद्दा आमच्या निविदेच्या मसुद्यात नव्हता, तो आजच घालतो. दोन सिम की दोन मोडेम, आणि खासगी कोअरशी जुळणी, यावर अजून कुणी लिहिलेले नाही. विक्रेते म्हणतात की एलटीई हे प्रमाणित तंत्रज्ञान आहे, सिम घाला आणि चालू करा. हे कितपत खरे आहे?

रेडिओयोजक

जवळजवळ सर्व अडचणी इथेच येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मोबाइल मॉड्यूलमध्ये बहुधा एकाहून अधिक फर्मवेअर-प्रतिमा असतात. सिमवरील देश आणि जाळे यांचा संकेतांक पाहून मॉड्यूल त्या त्या कंपनीने मंजूर केलेली प्रतिमा आपोआप निवडते. आपल्या खासगी जाळ्याचा संकेतांक त्याच्या यादीत नसतो. मग ते ‘सामान्य’ प्रतिमेवर जाते, किंवा आधी घातलेल्या सार्वजनिक कंपनीच्या सिमची प्रतिमा तशीच ठेवते. त्या प्रतिमेत आपला बँड बंद ठेवलेला असू शकतो, किंवा वेगळे एपीएन (डेटा-जोडणीचे नाव) मागितले जाऊ शकते. आणखी एक विचित्र प्रकार घडतो. मॉड्यूलची सेटिंग आवाजाला प्राधान्य देणारी असेल आणि आपल्या कोअरमध्ये आवाजाची सेवाच नसेल, तर मॉड्यूल यशस्वीपणे जोडले गेल्यानंतर स्वतःहून एलटीई सोडून देते आणि अस्तित्वात नसलेले जुने जाळे शोधत बसते. प्रयोगशाळेत पाच मिनिटांच्या चाचणीत हे दिसेलच असे नाही. म्हणून मॉड्यूल डेटा-प्रधान अवस्थेत ठेवले आहे आणि सिम बदलल्यावर किंवा फर्मवेअर अद्ययावत केल्यावरही ते त्याच अवस्थेत राहते, याची खात्री स्वतःच्या सिमवर आणि स्वतःच्या कोअरवर करून घ्यावी.

एका मोडेमवर दोन सिम म्हणजे एका वेळी एकच जाळे. खासगी जाळे गेले हे ओळखणे, सिम बदलणे, प्रतिमा बदलून मॉड्यूल पुन्हा सुरू होणे, नोंदणी, मग आयपीसेक बोगदा (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) उभा राहणे, यात सहज काही मिनिटे जाऊ शकतात. आयईईई १३६६ (वीजपुरवठ्याच्या विश्वासार्हतेचे मानक) नुसार पाच मिनिटांपेक्षा जास्त काळचा वीजखंड ‘दीर्घ’ धरला जातो आणि साइडीच्या, म्हणजे ग्राहकामागील सरासरी खंडित काळाच्या, हिशेबात येतो. आपली स्वयंचलित पुनर्जोडणी त्या पाच मिनिटांत बिघाड वेगळा करून उरलेल्या ग्राहकांना वीज देण्यासाठीच असते. संपर्क बदलण्यातच त्यातील निम्मा वेळ गेला, तर ती व्यवस्था कागदावर उरते. त्यामुळे पुनर्जोडणीत भाग घेणाऱ्या बिंदूंवर दोन स्वतंत्र मोडेम आणि दोन्ही बोगदे कायम उभे, असे मी सुचवीन. कपॅसिटर बँका आणि रेग्युलेटर यांना एक मोडेम, दोन सिम पुरे. दोन मोडेम म्हणजे एमआयएमओसाठी (प्रत्येक मोडेमला एकाहून अधिक अँटेना वापरण्याच्या तंत्रासाठी) चार अँटेना आणि वेळेसाठी जीपीएसची एक, एवढी छिद्रे पेटीला पडतील, हेही लक्षात घ्यावे.

पुढचा मुद्दा पत्त्यांचा. राउटरच्या मागे आरटीयू (स्काडासाठी माहिती गोळा करणारे उपकरण), रिले (बिघाड ओळखणारे संरक्षक उपकरण) आणि कदाचित मीटर असतील. कोअर आपल्याला मोडेमचा एकच पत्ता देतो. मागच्या उपकरणांपर्यंत थेट पोहोचायचे असेल, तर कोअरने त्या उपजाळ्याचा मार्ग मोडेमकडे दाखवला पाहिजे, किंवा सर्व वाहतूक बोगद्यातून न्यावी लागते. कोअर हे करू शकतो का, हे खरेदीआधी ठरले नाही, तर शेकडो राउटरांवर पोर्ट फॉरवर्डिंगची जळमटे वाढतात.

पॅकेटच्या आकाराचेही असेच आहे. एलटीईत प्रत्येक पॅकेटभोवती जीटीपीचे (मनोरा आणि कोअर यांच्यातील प्रोटोकॉलचे) वेष्टण चढते, त्यावर मनोऱ्याकडील दुव्याचा आयपीसेक, आणि आत आपला स्वतःचा आयपीसेक असतो तो वेगळाच. बाहेरच्या वेष्टणांसाठी थ्रीजीपीपीने म्हणूनच उपकरणाकडे १३५८ बाइटांची मर्यादा सुचवलेली आहे. ती पाळली नाही, तर डीएनपी३चे (स्काडाच्या प्रोटोकॉलचे) छोटे प्रश्नोत्तर सुरळीत चालते, सर्वजण जाळे उत्तम असल्याचे मानतात, आणि बिघाडानंतर रिलेमधून तरंगांची नोंद उतरवायला गेलो की फाइल मध्येच थांबते. हा दोष शोधण्यात मी चांगले अभियंते आठवडे घालवताना पाहिले आहेत.

फीडर_अकरा

मी महाराष्ट्रात वितरण क्षेत्रात काम करतो. आपल्याकडे स्थिती वेगळी आहे. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये खासगी बंदिस्त जाळ्यांची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तरी आमचे आरएमयू (रिंग मेन युनिट, म्हणजे वितरण जाळ्यातील स्विचपेट्या) आणि फीडरवरील एफआरटीयू (फीडरसाठीचे आरटीयू) आजही सार्वजनिक कंपन्यांच्या दोन सिमांवरच चालतात, आणि ९०० मेगाहर्ट्झ इथे मोबाइल कंपन्यांकडे आहे. त्यामुळे बँडविषयी मी काही सांगू शकत नाही, परंतु तापमानाविषयी सांगतो.

‘कमाल ७० अंश’ हा आकडा राउटरला लागून असलेल्या हवेचा असतो. चंद्रपूर किंवा नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या वर जाते. उन्हात उभ्या असलेल्या बंद लोखंडी पेटीत त्यावर १५-२० अंश सहज चढतात, आणि आत चार्जर, रिले आणि राउटर स्वतःची उष्णता मिसळतात. अशा वेळी राउटर बंद पडतोच असे नाही, तो प्रक्षेपणाची शक्ती कमी करतो. दुपारी दोन ते पाच संपर्क तुटतो आणि रात्री परत येतो. तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी सकाळी जातो, तेव्हा सर्व व्यवस्थित असते. मध्यपश्चिमेतही उन्हाळ्यात हे घडू शकेल. मॉड्यूलचे आतील तापमान दूरवरून वाचता येईल असाच राउटर घ्यावा, आणि सिमकार्डही औद्योगिक तापमानश्रेणीचेच घ्यावे. किनारपट्टीवर याशिवाय सर्किटवर संरक्षक लेप आणि जोडण्यांवर नीट गुंडाळलेली सीलिंग टेप लागते. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडा राहिलेला अँटेनेचा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

ग्रामवीज

यावरून निविदेचा मसुदा बदलतो आहे. शेवटची शंका एवढीच की, चाचणीसाठी विक्रेत्यांकडून किती काळ उपकरणे मागणे रास्त होईल, आणि ती चाचणी कुठे करावी?

उपकेंद्रनिवासी

पहिला मनोरा उभा राहण्याची वाट पाहू नका. सल्लागारांकडून एक छोटा कोअर आणि एक रेडिओ टेबलावर मिळवा, प्रक्षेपण केबल आणि अॅटेन्युएटरमध्ये (संकेत हवा तितका क्षीण करणाऱ्या उपकरणात) बंदिस्त ठेवा, आणि निविदेतच अट घाला की अंतिम आदेशापूर्वी प्रत्येक पात्र उपकरण किमान एक महिना आपल्या टेबलावर आपल्या सिमने चालेल. अॅटेन्युएटर वाढवत नेऊन अपलिंक कुठे तुटते ते नोंदवा, त्याच अवस्थेत रिलेची फाइल उतरवा, पुरवठा खाली-वर करा, फर्मवेअर दूरवरून अद्ययावत करताना मध्येच वीज तोडा. त्यानंतर दोन-तीन उपकरणे आपल्या सर्वांत कठीण खांबांवर, सर्वांत दूरच्या आणि सर्वांत उन्हातल्या, बसवा. एखादा विक्रेता महिनाभर दोन नमुने द्यायला तयार नसेल, तर तो दहा वर्षे फर्मवेअरच्या दुरुस्त्या देत राहील असे मानायला मला आधार दिसत नाही. त्याला त्याच टप्प्यावर वगळावे.